अल्बेनियन लोकांचा एक देश का झाला नाही

उत्तर मॅसिडोनियात, अल्बेनियाच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर, देबर नावाचं एक लहान शहर आहे. अल्बेनियन लोक त्याला दिबर म्हणतात. सीमेच्या पलीकडे, अल्बेनियात, दिबर नावाचा एक मोठा जिल्हा आहे. पण ज्या शहरावरून जिल्ह्याला नाव पडलं, ते शहर त्या जिल्ह्यात नाही. ते शेजारच्या देशात आहे, आणि जिल्ह्याचा कारभार पेश्कोपी नावाच्या दुसऱ्याच गावातून चालतो.

१९१२ पर्यंत भोवतालच्या डोंगरातली माणसं दिबरच्या बाजाराला उतरायची. गुरं-मेंढरं, लोकर विकायची आणि मीठ, कापड घेऊन परत जायची. मग लंडनमध्ये जमलेल्या युरोपीय राजदूतांनी शहर सर्बियाला दिलं आणि डोंगर नव्या अल्बेनियाला. सर्बियन सैन्याने बाजाराची वाट बंद केली. सप्टेंबर १९१३ मध्ये डोंगरातले लोक हत्यारं घेऊन उठले. काही दिवस दिबर त्यांच्या हातातही आलं, पण मोठी फौज आली, बंड चिरडलं गेलं आणि गावंच्या गावं जाळली गेली.

अल्बेनियन राष्ट्रवादाचा विषय निघाला की 'ग्रेटर अल्बेनिया', म्हणजे शेजाऱ्यांची जमीन गिळू पाहणारा बृहद् अल्बेनिया, हाच शब्द आधी कानावर येतो. तो शब्द बहुतेक वेळा विरोधकांच्या तोंडी असतो. ही कल्पना मानणारे स्वतः 'नैसर्गिक अल्बेनिया' किंवा 'वांशिक अल्बेनिया' म्हणतात. दोन्ही बाजूंची नावं प्रचाराची आहेत. मला दिबरपासून सुरुवात करावीशी वाटली ती एवढ्यासाठी, की ही कल्पना मुळात राज्य वाढवण्याच्या हौसेतून आलेली नाही. आपली वाटणी होतेय, आणि आपल्याला कोणी विचारतही नाही, या धास्तीतून ती आली. पुढे तिच्या नावाने काय काय झालं ती गोष्ट वेगळी, आणि तीही सांगायला हवी.

आधी माणसं कुठे कुठे आहेत ते पाहू. अल्बेनियाची लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख भरली. कोसोवोची २०२४ मध्ये सुमारे १६ लाख, आणि त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त अल्बेनियन. उत्तर मॅसिडोनियात २०२१ च्या जनगणनेनुसार दर चार रहिवाशांमागे जवळपास एक अल्बेनियन आहे. त्यांची वस्ती मुख्यतः पश्चिमेला, तेतोवो आणि गोस्तिवारच्या बाजूला. मोंटेनेग्रोत उल्सिन आणि तुझी हे त्यांचे गड. दक्षिण सर्बियात प्रेशेव्हो, बुयानोवात्स आणि मेद्वेजा हे तीन तालुके. ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यात चामेरिया नावाचा भाग होता. तिथल्या मुस्लिम अल्बेनियनांना, म्हणजे चाम लोकांना, १९४४-४५ मध्ये ग्रीक सशस्त्र गटाने हुसकावून लावलं. वीस हजारांच्या आसपास माणसं अल्बेनियात पळून गेली. त्यांच्यातल्या काहींनी जर्मनांना साथ दिली होती, पण शिक्षा सगळ्या समाजाला झाली. शिवाय इटलीच्या दक्षिणेत पंधराव्या शतकापासून स्थायिक झालेले आर्बरेश आहेतच.

या सगळ्यांना बांधणारी गोष्ट कोणती? धर्म नव्हे, आणि इथे भारतीय वाचकाचा हमखास गोंधळ होतो. कोसोवोच्या बातम्या आपल्याकडे पुष्कळदा 'युरोपातले मुस्लिम' या चौकटीत येतात. पण अल्बेनियन समाजात सुन्नी मुस्लिम आहेत, बेक्ताशी सूफी आहेत, दक्षिणेत ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत आणि उत्तरेत कॅथलिक आहेत. आपल्या ओळखीचं सर्वांत मोठं अल्बेनियन नाव कॅथलिकच आहे: मदर तेरेसा. त्या १९१० साली स्कोपयेमध्ये अल्बेनियन कुटुंबात जन्मल्या, तेव्हा ते शहर उस्मानी साम्राज्यात होतं. आज ते उत्तर मॅसिडोनियाची राजधानी आहे. अल्बेनियाची राजधानी तिराना, तिथल्या विमानतळाला त्यांचं नाव आहे, कोसोवोची राजधानी प्रिश्टिनाच्या मुख्य रस्त्यालाही आणि तिथल्या कॅथीड्रललाही. नागरिकत्व त्यांनी भारताचं घेतलं. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत होत्या, पण एन्व्हर होजाच्या कम्युनिस्ट राजवटीने मायलेकींची भेट काही होऊ दिली नाही. दोघी सत्तरच्या दशकात वारल्या. मदर तेरेसांना अल्बेनियात पाऊल ठेवता आलं ते १९८९ मध्ये, होजाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. मुस्लिमबहुल कोसोवो एका कॅथलिक साध्वीला राष्ट्राची माता मानतं, एवढं ध्यानात ठेवलं तर बऱ्याच बातम्या नीट वाचता येतात.

एकोणिसाव्या शतकात पाश्को वासा या श्कोडरच्या कॅथलिक कवीने लिहिलं होतं, की चर्च आणि मशिदींकडे पाहू नका, अल्बेनियनाचा धर्म म्हणजे अल्बेनियनपण. हे वासासाहेब उस्मानी सरकारचे बडे अधिकारी होते आणि पुढे लेबनॉनचे गव्हर्नरही झाले. तरी त्यांना हे सांगावं लागलं, कारण प्रत्यक्षात उलट घडत होतं.

उशिरा जागं झालेलं राष्ट्र

उस्मानी साम्राज्य माणसांची वर्गवारी भाषेवरून नव्हे, धर्मावरून करायचं. मुस्लिम अल्बेनियन हा सरकारदप्तरी नुसता मुस्लिम. त्याने तुर्की शाळेत जायचं. ऑर्थोडॉक्स अल्बेनियन हा ग्रीक चर्चच्या कक्षेत; त्याने ग्रीक शिकायचं. सर्ब, ग्रीक, बल्गेरियन यांना आपापलं चर्च होतं, त्या चर्चच्या शाळा होत्या, आणि राष्ट्रवाद तिथेच वाढला. अल्बेनियन लोकांना अशी सर्वांची मिळून एकही संस्था नव्हती. शिवाय मुस्लिम अल्बेनियनांना साम्राज्यात बढतीच्या वाटा खुल्या होत्या. वजीर, पाशा, सेनापती त्यांच्यातून झाले. ज्याचं चांगलं चाललंय तो वेगळं होण्याचा विचार कशाला करेल? म्हणून बाल्कनमधल्या इतरांच्या मानाने अल्बेनियन राष्ट्रवाद फार उशिरा उभा राहिला, आणि तो उभा राहीपर्यंत शेजाऱ्यांचे नकाशे तयार झाले होते.

भाषेचं काम किती अवघड होतं याची आज कल्पना येत नाही. लिपीच ठरलेली नव्हती. कोणी अरबी अक्षरांत लिहायचं, कोणी ग्रीक, कोणी लॅटिन, कोणी स्वतः बनवलेल्या अक्षरांत. कोर्चा शहरात ७ मार्च १८८७ रोजी अल्बेनियन भाषेची पहिली परवानाप्राप्त शाळा निघाली. अल्बेनियात शिक्षकदिन अजून त्याच तारखेला असतो. ग्रीक चर्चला ही भाषा देवळात नको होती, कारण भाषा गेली की माणसंही हातची जाणार. पापा क्रिस्तो नेगोवानी नावाच्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूने प्रार्थना अल्बेनियनमध्ये म्हटली. १९०५ च्या फेब्रुवारीत ग्रीक सशस्त्र टोळीने त्यांचा खून केला.

नोव्हेंबर १९०८ मध्ये मोनास्तिर, म्हणजे आजचं बितोला, इथे लिपी ठरवायला परिषद भरली. अध्यक्ष होते मिथात फ्राशरी, बेक्ताशी घराण्यातले. लिपी समितीचे प्रमुख होते ग्यर्ग फिश्ता, फ्रान्सिस्कन पंथाचे कॅथलिक पाद्री. मुस्लिम, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक एका टेबलाशी बसले आणि भांडणं मिटवून लॅटिन अक्षरांच्या बाजूने निर्णय झाला. लगेच एकच लिपी ठरली नाही, दोन मान्य झाल्या, आणि पुढे त्यातली एक टिकली. इस्तंबूलच्या नव्या तुर्क राज्यकर्त्यांना हा निर्णय झोंबला. मुस्लिमांनी अरबी लिपीच वापरली पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. एरवी साम्राज्याशी निष्ठावान असलेली माणसं या मुद्द्यावर दुरावली. माझ्या मते अल्बेनियन राष्ट्राचा खरा जन्म रणांगणावर नाही, या परिषदेत झाला.

राजकीय ठिणगी मात्र त्याआधीच पडली होती. १८७८ मध्ये रशियाने तुर्कस्तानला हरवलं. सान स्तेफानोचा तह झाला, मग बर्लिनची परिषद बसली, आणि अल्बेनियन वस्तीचे तुकडे मोंटेनेग्रो, सर्बिया, बल्गेरियाच्या पदरात टाकण्याची बोलणी सुरू झाली. १० जून १८७८ रोजी प्रिझ्रेन शहरात अल्बेनियन पुढारी जमले. हीच ती प्रिझ्रेनची लीग. बर्लिनला जमलेल्या महासत्तांनी त्यांना दारात उभं केलं नाही. सुरुवातीला त्यांची मागणी स्वतंत्र देशाची नव्हतीच. सुलतानाच्या छत्राखालीच राहू, पण आमची भूमी दुसऱ्यांना देऊ नका, एवढंच म्हणणं. मग अब्दुल फ्राशरी आणि त्यांचे सहकारी म्हणू लागले, की अल्बेनियन वस्तीचे चारही विलायेत, म्हणजे श्कोडर, कोसोवो, मोनास्तिर आणि यानिना हे प्रांत, जोडून एक स्वायत्त प्रांत करा. एकीकरणाच्या कल्पनेचा हा पहिला नकाशा. पुढचे सगळे नकाशे याच्यावरूनच गिरवले गेले.

त्या नकाशात एक अडचण मुळातच होती. त्या चार विलायेतांत सर्ब, बल्गेरियन, ग्रीक, व्लाख, तुर्क, ज्यूही राहत होते, आणि कित्येक ठिकाणी त्यांची संख्या अल्बेनियनांहून अधिक होती. स्वायत्त प्रांत म्हणून साम्राज्यात हे चाललं असतं. एका जमातीचं राष्ट्र म्हणून ते चालणं कठीण होतं.

लीगने प्लाव आणि गुसिन्ये मोंटेनेग्रोला मिळू दिले नाहीत. तिथे लढाई केली. मग महासत्तांनी बदल्यात उल्सिन बंदर देऊन टाकलं. १८८१ मध्ये सुलतानाच्याच फौजेने लीग मोडली. प्रिझ्रेनमध्ये ज्या घरात ही माणसं जमली ते घर संग्रहालय म्हणून जपलं गेलं. मार्च १९९९ मध्ये सर्बियन दलांनी ते जाळलं. नंतर ते पुन्हा बांधलं.

लंडनची रेघ

ऑक्टोबर १९१२ मध्ये सर्बिया, मोंटेनेग्रो, ग्रीस आणि बल्गेरिया यांनी मिळून तुर्कस्तानवर हल्ला चढवला. गंमत अशी नाही, शोकांतिका अशी, की त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अल्बेनियन बंडखोरांनी इस्तंबूलकडून स्वायत्ततेच्या बहुतेक मागण्या पदरात पाडून घेतल्या होत्या. साम्राज्य इतकं खिळखिळं झालेलं पाहून शेजाऱ्यांना जोर चढला. सर्बियन फौज कोसोवोतून उतरत एड्रियाटिक समुद्रापर्यंत आली. अल्बेनियनांना घाईघाईने ठरवावं लागलं: आता साम्राज्यात राहिलो तर साम्राज्याबरोबर वाटले जाऊ. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी व्लोरा बंदरात इस्माईल केमालींनी स्वातंत्र्य जाहीर केलं. दिवसही असा, की १४४३ साली याच तारखेला उस्मानींशी लढणाऱ्या स्कंदरबेग या अल्बेनियन वीराने क्रुया किल्ल्यावर आपलं निशाण चढवलं, अशी परंपरा सांगते. लाल कापडावर दोन डोक्यांचा काळा गरुड. त्या वेळी केमालींच्या सरकारच्या ताब्यात व्लोराच्या आसपासच्या मुलखाहून फारसं काही नव्हतं.

सीमा ठरली लंडनमध्ये, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांच्या अध्यक्षतेखाली. ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटलीला अल्बेनिया हवा होता, कारण सर्बियाला समुद्रकिनारा मिळू द्यायचा नव्हता. रशियाला सर्बियाचं भलं पाहायचं होतं. मग एकेका गावाचा सौदा झाला. ऑस्ट्रियाने श्कोडर अल्बेनियासाठी राखलं आणि त्याच्या बदल्यात दिबर व ग्याकोवावरचा आग्रह सोडला. कोसोवो आणि पश्चिम मॅसिडोनिया गेला. दक्षिणेत यानिना ग्रीसला गेलं. ऑगस्ट १९१३ मध्ये ग्रे यांनी ब्रिटिश संसदेत उघड सांगितलं, की त्या मुलखाची माहिती असणाऱ्याला या सीमांत खोट काढायला भरपूर जागा आहे, पण महासत्तांमध्ये एकमत टिकवणं हा मुख्य हेतू होता. म्हणजे युरोपातलं युद्ध टळावं म्हणून ही रेघ ओढली गेली. वर्षभरात युद्ध झालंच, आणि रेघ मात्र राहिली. जवळपास अर्धे अल्बेनियन तिच्या बाहेर राहिले.

रेघ राहिली की तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी आयुष्यं उभी राहतात. अल्बेनियात अहमत झोगू १९२४ च्या डिसेंबरमध्ये युगोस्लाव्हियाच्या, म्हणजे सर्बिया ज्यात सामील झाला होता त्या नव्या राज्याच्या, मदतीने सत्तेवर आले. १९२८ मध्ये त्यांनी 'अल्बेनियनांचा राजा' अशी पदवी घेतली, 'अल्बेनियाचा' नव्हे. बेलग्रेडला ते खुपलं. पण कोसोवोसाठी लढणारे पुढारी त्यांनी जवळ केले नाहीत, उलट ते त्यांचे वैरी ठरले. बायराम चुरी १९२५ मध्ये झोगूंच्या सैन्याने वेढल्यावर मेले, आणि हसन प्रिश्टिनांचा १९३३ मध्ये थेसालोनिकीत खून झाला. तिरानाच्या खुर्चीला आपली खुर्ची आधी सांभाळायची असते, हे तेव्हापासून दिसतं. त्याच काळात युगोस्लाव्ह सरकार कोसोवोत स्लाव्ह कुटुंबं आणून वसवत होतं आणि अल्बेनियन शाळा चालू देत नव्हतं.

स्वप्न पुरं झालं, पण कोणाच्या हातून

एकीकरण एकदा प्रत्यक्षात आलं, याचा उल्लेख अल्बेनियन राष्ट्रवादी लेखनात दबक्या आवाजात असतो. १९३९ मध्ये मुसोलिनीने अल्बेनिया घेतला. १९४१ मध्ये जर्मनीने युगोस्लाव्हिया मोडला आणि कोसोवोचा बराच भाग व पश्चिम मॅसिडोनिया इटलीच्या ताब्यातल्या अल्बेनियाला जोडला गेला. दिबर त्यात होतं. कोसोवोतल्या मुलांनी सरकारी शाळेत आपली भाषा वाचली. लोकांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. पण याच काळात वसाहतीत आणलेल्या सर्ब कुटुंबांना मारून, घरं जाळून हाकलण्यात आलं, आणि १९४४ मध्ये नाझींनी अल्बेनियन एसएस डिव्हिजन उभी केली. तिने प्रिश्टिनातल्या ज्यूंना पकडून दिलं. दुसरीकडे खुद्द अल्बेनियात मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांनी ज्यू निर्वासितांना घरात दडवलं, आणि युद्ध संपलं तेव्हा तिथे ज्यूंची संख्या आधीपेक्षा जास्त होती. एकाच समाजाच्या या दोन्ही गोष्टी आहेत. एक सांगून दुसरी गाळता येत नाही.

ऑगस्ट १९४३ मध्ये मुक्ये गावात कम्युनिस्ट आणि बाली कोम्बतार या राष्ट्रवादी संघटनेने करार केला, त्यात वांशिक अल्बेनियासाठी लढायचं ठरलं. युगोस्लाव्ह कॉम्रेडांना ते पटलं नाही आणि होजांनी करार मोडला. युद्धानंतर कोसोवो पुन्हा युगोस्लाव्हियात. १९४८ मध्ये तितो आणि स्टालिन यांचं बिनसलं, होजा स्टालिनबरोबर गेले, आणि सीमा जवळजवळ बंद झाली. चुलतभाऊ चाळीस वर्षं भेटले नाहीत. अल्बेनियात सक्तीचा नास्तिकवाद, खाजगी मोटार बाळगायला बंदी. युगोस्लाव्हियातले अल्बेनियन मात्र जर्मनी-स्वित्झर्लंडला मजुरीला जात होते. १९९१ नंतर सीमा उघडली तेव्हा कोसोवोतून आलेल्या लोकांना मातृभूमीचं दारिद्र्य पाहून धक्काच बसला.

तरी एक धागा या काळातच पक्का झाला. श्कुंबिन नदीच्या उत्तरेला गेग बोली, दक्षिणेला तोस्क. कोसोवो सगळा गेग. पण १९६८ मध्ये प्रिश्टिनाच्या भाषातज्ज्ञांनी स्वतःची वेगळी प्रमाणभाषा न करता तिरानाची, तोस्कवर बेतलेली प्रमाणभाषा स्वीकारली. सीमा बंद असताना, घरात वेगळं बोलत असताना, त्यांनी शाळेसाठी एकच भाषा निवडली. हा त्याग होता, आणि आज कोसोवोतले काही लेखक त्याबद्दल खंत व्यक्त करतात, कारण गेगचं समृद्ध साहित्य मागे पडलं.

कोसोवो

१९७४ च्या युगोस्लाव्ह राज्यघटनेने कोसोवोला बरीच स्वायत्तता दिली. प्रिश्टिनात विद्यापीठ त्याआधीच निघालं होतं. १९८१ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, घोषणा होती 'कोसोवो प्रजासत्ताक'. म्हणजे अल्बेनियात विलीन व्हायची नव्हे, युगोस्लाव्हियातच सर्बियाच्या बरोबरीचा दर्जा मिळवायची. १९८९ मध्ये सर्बियाचे नेते मिलोशेविच यांनी स्वायत्तता काढून घेतली. अल्बेनियन शिक्षक, डॉक्टर, पोलीस नोकरीतून गेले. इब्राहिम रुगोवा यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी जवळजवळ दशकभर अहिंसक मार्ग धरला: शाळा घरांमध्ये भरल्या, दवाखाने समाजाने चालवले, परदेशातले मजूर पगारातला वाटा पाठवत. १९९५ मध्ये बोस्नियाचा तह झाला आणि त्यात कोसोवोचं नावही नव्हतं. धीर सुटलेल्या तरुणांनी बंदूक उचलली. १९९७ मध्ये अल्बेनियात फसव्या गुंतवणूक योजना बुडाल्या, राज्य कोसळलं, शस्त्रागारं लुटली गेली, आणि ती हत्यारं डोंगर ओलांडून कोसोवोत पोचली.

१९९८-९९ च्या युद्धात सुमारे १३ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, बहुसंख्य अल्बेनियन. २४ मार्च १९९९ पासून नाटोने ७८ दिवस हवाई हल्ले केले. त्या काळात सर्बियन दलांनी आठ लाखांहून अधिक अल्बेनियनांना देशाबाहेर घालवलं. काहींना रेल्वेत कोंबून मॅसिडोनियाच्या सीमेवर सोडलं. सीमेवर ओळखपत्रं काढून घेतली, गाड्यांच्या नंबरप्लेटसुद्धा, म्हणजे परत येऊन आपण इथलेच असं सिद्ध करता येऊ नये. चार लाखांहून जास्त माणसं अल्बेनियात आली, त्यातली बहुतेक कुकसमार्गे. कुकस हा देशातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. तिथल्या लोकांनी अनोळखी कुटुंबांना घरात घेतलं, आपण जमिनीवर झोपून खाटा त्यांना दिल्या. एकीकरणावर वर्षानुवर्षं जी भाषणं झाली, त्या सगळ्यांहून जास्त काम या काही आठवड्यांनी केलं.

मग उलट बाजू. जून १९९९ मध्ये सर्बियन फौज गेली आणि सर्ब व रोमा लोकांवर सूड उगवला गेला. ते मोठ्या संख्येने परागंदा झाले. मार्च २००४ च्या दंगलीत १९ जण मेले आणि तीसहून अधिक सर्बियन ऑर्थोडॉक्स धर्मस्थळांची नासधूस झाली. सर्बांसाठी कोसोवो म्हणजे उस्मानींशी झालेली १३८९ ची लढाई, पेचचं धर्मपीठ, देचानीचा चौदाव्या शतकातला मठ. हा मठ आजही नाटोच्या सैनिकांच्या पहाऱ्यात आहे. त्याच्या २४ हेक्टर जमिनीचा निकाल कोसोवोच्या घटनापीठाने २०१६ मध्ये मठाच्या बाजूने दिला; सरकारने तो अमलात आणला २०२४ मध्ये, तोही पाश्चात्त्य देशांच्या दबावाखाली. वांशिक राष्ट्राची कल्पना अडते ती नेमकी इथे. मिश्र वस्तीच्या मुलखावर एका जमातीचं राष्ट्र आखायचं तर उरलेल्यांनी कुठे जायचं, याचं उत्तर या शतकभरात प्रत्येक वेळी आगीने दिलं गेलंय: चाम लोकांना, १९४१ च्या सर्बांना, १९९९ च्या अल्बेनियनांना, त्यानंतरच्या सर्बांना.

मग आता अडतं कुठे

१७ फेब्रुवारी २००८ रोजी कोसोवो स्वतंत्र झाला, पण अटींसह. त्याच्या घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलंय, की हे राज्य दुसऱ्या कोणत्याही राज्यात किंवा त्याच्या भागात विलीन होण्याचा प्रयत्न करणार नाही. उलट अल्बेनियाच्या घटनेची प्रस्तावना राष्ट्रीय एकतेच्या शतकानुशतकांच्या आकांक्षेचा उल्लेख करते. कोसोवोच्या अधिकृत ध्वजावर निळ्या रंगात देशाचा सोनेरी नकाशा आणि सहा समाजांचे सहा तारे आहेत; गरुड नाही. कार्यालयांवर तो असतो. लग्नाच्या वरातीत मात्र लोक लाल ध्वजच फडकवतात.

महासत्तांची भीती साधी आहे. कोसोवो अल्बेनियाला मिळाला, तर बोस्नियातले सर्ब सर्बियाला मिळायला निघतील, आणि मग कोणतीच सीमा टिकणार नाही. २०१८ मध्ये कोसोवोचे अध्यक्ष हाशिम थाची आणि सर्बियाचे अध्यक्ष अलेक्झांडर वुचिच यांनी अल्बेनियन वस्तीचं प्रेशेव्हो आणि सर्बबहुल उत्तर कोसोवो यांच्या अदलाबदलीची चर्चा सुरू केली, तेव्हा जर्मनीने कडाडून विरोध केला आणि कोसोवोच्या पंतप्रधानांनीही. प्रस्ताव बारगळला.

पण माझ्या मते बाहेरचा विरोध हे अर्धंच कारण आहे. तिराना आणि प्रिश्टिना यांचे हितसंबंध आता वेगळे आहेत. कोसोवोचे नेते अल्बिन कुर्ती पंतप्रधान होण्याआधीपासून म्हणत आलेत, की सार्वमत झालं तर आपण विलीनीकरणाच्या बाजूने मत देऊ. त्याच वेळी तिरानाचे पंतप्रधान एदी रामा सर्बिया आणि उत्तर मॅसिडोनियाबरोबर 'ओपन बाल्कन' बाजारपेठेची योजना पुढे नेत होते, आणि कुर्ती तिच्यात यायला तयार नव्हते. २०२१ मध्ये कुर्तींच्या पक्षाने अल्बेनियाच्या निवडणुकीत काही अपक्षांना पाठिंबा दिला. मतदारांनी त्यांना जवळ केलं नाही. तिरानातला मतदार वीजबिल, नोकरी, भ्रष्टाचार पाहून मत देतो. कुकसच्या लोकांनी १९९९ मध्ये घरं उघडली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्यांनीच, कोसोवोला जोडणाऱ्या 'राष्ट्राच्या महामार्गा'वर टोल बसला म्हणून, टोलनाके पेटवले. दोन्हीत विसंगती नाही. भावनेने जोडलेल्या माणसांनाही रोजचा खर्च परवडायला हवा.

मॅसिडोनियात गोष्ट आणखी वेगळी. २००१ मध्ये तिथे अल्बेनियन गनिमांनी उठाव केला. त्या ऑगस्टमध्ये ओह्रिडचा करार झाला: जिथे अल्बेनियन लोकसंख्या वीस टक्क्यांहून जास्त, तिथे त्यांची भाषा कारभारात चालेल, नोकऱ्यांत वाटा मिळेल. म्हणजे भूमी तोडण्याऐवजी राज्यात भागीदारी. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक सरकारात अल्बेनियन पक्ष आहेत. तरीही भीती शिल्लक आहे आणि ती वापरली जाते. एप्रिल २०१७ मध्ये तलात जाफेरी हे अल्बेनियन नेते संसदेचे सभापती निवडले गेले, तेव्हा जमाव संसदेत घुसला आणि पुढे पंतप्रधान झालेले झोरान झाएव रक्तबंबाळ झाले. देश तोडला जातोय, असं त्या जमावाला सांगण्यात आलं होतं. २०२४ मध्ये जाफेरी काही महिने हंगामी पंतप्रधान होते. देश तुटला नाही. ही भीती पूर्ण निराधार आहे असं मी म्हणणार नाही, १९४१ आणि २००१ घडलंय. पण आज तिचा उपयोग भ्रष्ट सरकारं आपला कारभार झाकायलाच जास्त करतात, आणि अल्बेनियन नेतेही निवडणूक आली की गरुडाच्या ध्वजामागे तसेच दडतात.

भारताने कोसोवोला अजून मान्यता दिलेली नाही. युगोस्लाव्हियाशी अलिप्ततावादाच्या काळापासूनची मैत्री, आणि एकतर्फी फुटून निघण्याला मान्यता दिली तर काश्मीरच्या संदर्भात ते उलटेल ही काळजी, ही त्यामागची उघड कारणं. युरोपीय संघातलेही पाच देश मान्यता देत नाहीत: स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया. त्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या घरात अशीच काही दुखणी आहेत.

ज्यांनी एकत्र यायचं ती माणसंच दरम्यान कमी होत चालली आहेत. १९८९ मध्ये अल्बेनियात सुमारे ३२ लाख लोक होते, आता २४ लाख. कोसोवोतल्या लोकांना १ जानेवारी २०२४ पासून शेंगेन देशांत व्हिसाशिवाय जाता येतं, आणि तरुण मोठ्या संख्येने जर्मनीची वाट धरतात. स्वित्झर्लंडच्या फुटबॉल संघातला ग्रानिट जाका आणि अल्बेनियाच्या संघातला तौलांत जाका हे सख्खे भाऊ २०१६ च्या युरो स्पर्धेत एकमेकांविरुद्ध खेळले. प्रेक्षकांत बसलेल्या त्यांच्या आईच्या अंगावर अर्धा स्विस आणि अर्धा अल्बेनियन ध्वज असलेला शर्ट होता. कुटुंब कोसोवोचं, मुलं बाझेलमध्ये जन्मलेली. आज झुरिक आणि श्टुटगार्टमध्ये तेतोवोचा, प्रिश्टिनाचा आणि तिरानाचा माणूस एकाच कारखान्यात काम करतो, एकाच हॉलमध्ये लग्नं लावतो, आणि २८ नोव्हेंबरला एकच ध्वज लावतो. तिराना आणि प्रिश्टिनाची सरकारं मात्र अजून एकमेकांच्या पदव्या, टोल आणि शेतमालाच्या तपासण्यांवर बैठका घेत आहेत.